सत्तावीस नंबरची जोडी

ता. ३, सोमवार

नवी वही घेतली. बायको होती तोवर वहीची गरज नव्हती. दिवसभराचं रडगाणं तिच्यापुढे गायलं की झोप लागायची. मुलगी ऐकते, पण ऐकताना तिचे हात कामात असतात आणि मध्येच विचारते, "मग काय म्हणत होता तुम्ही?" म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत झालेली, तेव्हा चुका होणारच. वाचणार मीच आहे.

लिहायला कारण झालं. जावईबापूंनी माझ्या गळ्यात धोंड बांधली. त्यांच्या बाटल्यांच्या कारखान्याला या महिन्यात पन्नास वर्षं होतात. बावीस तारखेला मोठ्या हॉलमध्ये समारंभ. मॅनेजरसाहेबांना काहीतरी नवं हवं होतं, तर हे बोलून बसले, "आमच्या मामांकडे दोन भिंगांचा कॅमेरा आहे. चष्मा लावून बघितलं की बाटली नाकाशी येते."

साहेब म्हणाले, "आणा तुमच्या मामांना."

कॅमेरा माझा नाही, स्टुडिओच्या मालकांचा. चाळीस वर्षं त्यांच्या अंधाऱ्या खोलीत काढली, जाताना त्यांनी कॅमेरा आणि दोन प्रोजेक्टर मला दिले. डाव्या डोळ्याचा फोटो वेगळा, उजव्या डोळ्याचा वेगळा, दोन्ही एकाच पडद्यावर पाडायचे आणि चष्म्यानं ज्याचा त्याला द्यायचा. मालक खेळ करायचे, मी स्लाइडी सरकवायचो. सगळा खेळ मी एकट्यानं कधी केलेला नाही. तीनशे माणसं! दिवे उडाले तर? लोकांची डोकी दुखली तर? जावयाचं नाक कापलं जाईल. त्यांच्या बढतीचं याच महिन्यात ठरायचंय.

ता. ५, बुधवार

आज कारखान्यात फोटो काढले. भट्टीतून लाल बाटल्या पट्ट्यावरून रांगेनं येतात, त्या समोरून घेतल्या. पडद्यावर एकेक बाटली प्रेक्षकाच्या मांडीत पडेल. वाटेत मिस्त्री भेटला. भेटला म्हणजे काय, तो दारातच बसलेला असतो. गुडघे गेलेत. लाकडाच्या वखारीमागे त्याची खोली आहे, आमच्या क्वार्टर्सपासून सडकेपलीकडे. तरुणपणी दगडाची कपची लागून एक डोळा गेला. तेव्हापासून मला "दोन डोळेवाले" म्हणतो.

"काय दोन डोळेवाले, आज कुणाला फुगवलंत?"

म्हटलं, बाटल्यांना.

"बाटल्या काय, फुटायच्याच. माझ्या भिंतीचा घे. अठरा माणसांनी बांधली, त्यांतला मी एकटा उरलो."

क्वार्टर्सच्या मागे डोंगर कापलेला आहे, तो धरायला ही भिंत. तीन मजले उंच, काळ्या दगडाची. आमचं घर मागच्या ओळीत, त्यातली मागची खोली माझी, खिडकी उघडली की भिंत. म्हटलं, भिंत ती भिंत, तिच्यात काय बघायचं?

"अरे, ती उभी नाहीये, रेललीय. म्हातारा जेवण झाल्यावर खुर्चीत मागे रेलतो ना, तशी डोंगराला पाठ लावून. हातभर उंचीला दोन बोटं मागे. डोंगर ढकलतो, ती रेलते. नवरा-बायकोसारखं आहे. कोण कुणाला धरून आहे ते विचारायचं नाही."

हसलो आणि भिंतीचाही घेतला. मैदानाच्या टोकावरून घ्यावा लागला, तरच सगळी मावते. इतक्या लांबून जोडकॅमेऱ्याचा उपयोग नाही. माणसाच्या दोन डोळ्यांत चार बोटांचं अंतर, तेवढ्यावरून लांबची वस्तू सपाटच दिसते. मालक म्हणायचे, लांबच्याला राक्षसाचे डोळे लावावेत. साध्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढायचा, दोन पावलं उजवीकडे सरकायचं, दुसरा काढायचा. मग डोंगरसुद्धा टेबलावर ठेवलेल्या दगडासारखा गोल दिसतो. तसं केलं.

ता. ११, मंगळवार

फिल्म धुऊन आली. बाटल्या झकास. भट्टीजवळचा कामगार तर असा दिसतो की घाम पुसावासा वाटतो.

भिंत बिघडली. जोडी बघायच्या दोन भिंगांच्या डबीला डोळे लावून बघितलं तर मधोमध फुगलेली दिसते. खालचा भाग नीट, वरचा नीट, मध्ये पोट. प्रत्यक्षात तर खिडकीतून रोज बघतो, सरळसोट आहे. माझंच काहीतरी चुकलं. फिल्म उन्हात तापली की चौकटीत फुगते, तसं झालं असावं. दोन काचांमध्ये दाबून बसवावी लागेल. एक चूक निघाली म्हणजे आणखी दहा असतील. जेवण गेलं नाही.

ता. १२, बुधवार

काचेत बसवली. पोट तसंच. डावी-उजवी अदलाबदल झाली की पुढचं मागे जातं, माणसाच्या जागी माणसाच्या आकाराचा खड्डा दिसतो. तसं तर नाही? तेही तपासलं. बरोबर आहे. उलटी लावून बघितली तर भिंतीला पोटाऐवजी खळगा पडतो.

दुसरं कारण एकच, दोन पावलं वाकडी पडली. या वयात पावलांचा काय भरवसा. मुलगी म्हणाली, "बाबा, एक फोटो कमी दाखवला तर कोण मोजतंय?" तिला काय कळतंय. मॅनेजरसाहेबांनी मुद्दाम सांगितलंय, कामगारांची घरं आणि मागची भिंत हवीच. वरच्या अंगाला त्यांनी नवी शेड बांधलीय, तीही दिसली पाहिजे.

ता. १३, गुरुवार

पुन्हा गेलो. या वेळी जमिनीवर दोरी ताणली, तिला दोन गाठी मारल्या आणि कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून गाठीवरून गाठीवर नेला. राईभरही फरक नाही. पोरं चेंडू खेळत होती, म्हणाली, आजोबा पतंग उडवताय का?

ता. १४, शुक्रवार

जावयांना आज सगळ्या जोड्या पडद्यावर दाखवल्या. पुढच्या खोलीत पडदा लावला. त्याला रुपेरी रंग मीच दिलाय, साध्या पांढऱ्या पडद्यावर चष्मे चालत नाहीत. क्रम समजावून सांगितला. सुरुवातीला कमी खोलीचे फोटो, डोळ्यांना सवय व्हावी. दहा फोटोंनंतर एक अंगावर येणारा, त्याआधी नाही. लागोपाठ अंगावर आणलं तर लोक कंटाळतात, दुखऱ्या डोळ्यांनी शिव्या देतात. जवळचा दाखवून लगेच लांबचा दाखवायचा नाही, मध्ये काळोख द्यायचा. एकूण चाळीस, त्याहून एकही जास्त नको. बोलणं कमी, गाणं हळू. मालक म्हणायचे, लोक दमायच्या आत आपण थांबावं.

जावई मन लावून बघत होते. बाटलीला हात पुढे केला आणि हसले. सत्तावीस नंबरला भिंत आली. मी म्हटलं, ही जरा बिघडलीय, दुसरी येतेय, पोटाकडे लक्ष देऊ नका.

त्यांनी चष्मा काढला, परत लावला, परत काढला. मग उठून पडद्याजवळ गेले आणि पोट जिथे दिसतं तिथे बोट ठेवून उभे राहिले. त्यांची सावली पडली म्हणून मी ओरडलो.

"मामा, हा कधी घेतलात?"

"बुधवारी. पाच तारखेला. चौकटीवर लिहिलंय."

"असंच दिसतं का सगळ्यांना?"

"बिघडलाय म्हणून सांगतोय ना मी."

"हो," म्हणाले. "बिघडलाय. हा दाखवू नका."

उरलेले तेरा न बघताच बाहेर गेले. मेहनतीवर पाणी. मुलीला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला माझ्या कामाची लाज वाटतेय. ती म्हणाली, "त्यांना हल्ली कशाचंच सुचत नाही, बाबा."

ता. १६, रविवार

माझी खोली गेली. जावई सकाळी उठले आणि सगळ्यांच्या खाटा पुढच्या खोलीत ओढायला लागले. त्यांची, मुलीची, माझी. माझी खोकी, प्रोजेक्टर, सगळं पुढे. म्हणाले, मागे उकडतं. उकाडा कुठला! परवापासून आभाळ आलंय, मी शाल घेऊन झोपतो. मुलगी भांडली, "तिघांनी एका खोलीत? वाढत्या वयात अक्कल कमी होते का हो?" ते मागच्या खोलीला कुलूप घालायला गेले तर दार चौकटीत बसेना, खालून घासतं. गेल्या महिन्यातच मी रंधा मारून दिला होता. शेवटी लाथ मारून बंद केलं.

म्हाताऱ्या माणसाला घरात जागा लागते तरी किती. पण एक खिडकी होती, तीही गेली.

ता. १७, सोमवार

दुसरी फिल्म आली. दोरी, गाठी, तिकाटणं, सगळं करून भिंतीला पोट आहेच. पहिल्यापेक्षा जास्त. आठ दिवसांत माझा हात एवढा बिघडला? डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून घ्यावेत की काय. एकदा मनात आलं, भिंतच तर नसेल? खिडकी बंद म्हणून बाहेर जाऊन बघितलं. अगदी खाली उभं राहून बघितलं. सरळ आहे. माझे डोळे खोटं बोलतील, पण सगळ्या वसाहतीचे बोलतील का?

तोड काढली. डावा फोटोच दोनदा छापून घेतला, दोन्ही डोळ्यांना तोच. खोली गेली, भिंत पाटीसारखी सपाट झाली. चाळिसांत एक सपाट आलेला कुणाला कळत नाही. मालकही अडचणीच्या वेळी करायचे. मूळ दोन्ही जोड्या मात्र फोडल्या नाहीत, तारखा घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. जोडी मोडू नये, हा मालकांचा नियम.

जावयांना सपाट भिंत दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "हां. असाच चालेल."

ता. १८, मंगळवार

मिस्त्रीला त्याच्या भिंतीचा फोटो दाखवायला गेलो. जोडीचा त्याला काय उपयोग, एका डोळ्याला सगळं सपाटच. म्हणून डावा तेवढा नेला. त्यानं भिंग मागितलं आणि खिडकीच्या उजेडात धरून इतका वेळ बघितला की मला वाटलं झोपला.

"भोकांखाली ओले डाग का नाहीत?"

भिंतीत जागोजाग भोकं ठेवलेली आहेत, पाणी जायला. म्हटलं, पाऊस नाही तर ओल कुठून येणार?

"डोंगराच्या पोटात बारा महिने पाणी असतं. कडक उन्हाळ्यातही ठिबकायचं. बायका खाली बादल्या लावायच्या. ते पाणी गेलं कुठे? आणि वर हे चमकतंय काय?"

"फुटक्या काचा. नवी शेड झाल्यापासून तिथेच टाकतात. वितळवायला परत नेतात."

"एवढा ढीग? माझ्या भिंतीच्या डोक्यावर? कुणाच्या बापाला विचारून?"

म्हटलं, माझ्यावर का ओरडतोस, मी फोटोवाला.

"मला तिथे घेऊन चल."

"समारंभ होऊ दे. मग रिक्षा करून नेतो."

"मग तू एक कर. ओळंबा लाव भिंतीला. वरून काठी पुढे काढून दोरी अशी सोड की लोलक पायथ्याच्या दगडाला लागेल. मग वरच्या टोकाला दोरी आणि दगड यांत किती अंतर पडतं ते मला सांग. माझा नेतोस?"

म्हटलं, जावयाकडे आहे, त्याचा लावतो. पिच्छा सुटावा म्हणून म्हटलं. भिंतीच्या डोक्यावर मी कुठे चढू? पोटाचंही बोललो नाही. आपली बिघडलेली जोडी कुणाला कशाला सांगा, आधीच तो टिंगल करतो.

ता. २०, गुरुवार

दोन दिवस पाऊस लागून राहिलाय. खेळाचं सगळं सामान, बिस्किटांचा डबाही, हॉलमध्ये नेलं. दोन प्रोजेक्टर एकावर एक ठेवून एका चित्रातल्या खांबाची रेघ दुसऱ्यातल्या खांबावर बसवायला तीन तास गेले. केसभर वरखाली झालं तरी डोळे ताणतात. एक दिवा जास्तीचा हवा होता, मिळाला.

जावई वसाहतीत घरोघर फिरतायत. प्रत्येकानं समारंभाला आलंच पाहिजे, एकही माणूस घरी राहता कामा नये, आजाऱ्यालाही खुर्चीवरून आणा, बाळंतिणीलाही. चार वाजल्यापासून हॉल उघडा, तिथेच चहा, तिथेच जेवण. माझ्या खेळासाठी एवढी धावपळ! उगाच त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं परवा. मुलीला म्हटलं, माणूस बोलत नाही, पण मनात असतं. ती म्हणाली, "रात्री झोपत नाहीत. बसून पाऊस ऐकतात."

मलाही चिंता आहे. ओल्या हवेत काचांवर वाफ धरते.

ता. २१, शुक्रवार

मिस्त्रीकडे गेलो नसतो तर बरं झालं असतं. चष्मे पुसायला मऊ कापड हवं होतं, ते वखारीशेजारी मिळतं. त्यानं दारातून हाक मारली.

"लावलास का?"

उद्या खेळ, छत्री गळकी. म्हटलं, लावला.

"किती अंतर?"

मला काय ठाऊक किती सांगायचं. भिंत चांगली असेल तर काय येत असेल? सरळ भिंत म्हणजे सरळ. म्हटलं, "अगदी ओळंब्यात आहे. सरळ."

"सुतभरही फरक नाही?"

"नाही."

"वरपासून खालपर्यंत दोरी दगडाला लागून?"

"लागून."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं खूश झाला. मग म्हणाला, "उद्या सगळे तुझ्या खेळाला?"

"झाडून सगळे. जावयानं कुणाला सोडलं नाही."

"फाटकावरचा पहारेकरी?"

"तोही. तू चल ना, चहा तरी पी."

"मला तुझा चष्मा एकाच बाजूनं लागतो," म्हणाला. नेहमीसारखा हसला नाही. निघताना पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. बिचाऱ्याची काळजी मिटली.

खोटं बोललो, हे खरं. समारंभ झाला की खरंच लावतो ओळंबा. दोन दिवसांत भिंत काय पळून जातेय?

ता. २४, सोमवार

लिहितो.

शनिवारी खेळ पाच वाजता सुरू झाला. तीनशे चष्मे कमी पडले, पोरं एकाच चष्म्यात दोघं बघत होती. पहिले दहा फोटो शांततेत गेले. अकराव्याला बाटल्या आल्या तेव्हा सगळा हॉल ओरडला आणि शेकडो हात वर झाले, हवेतली बाटली पकडायला. मला प्रोजेक्टरच्या उजेडात ते हात दिसत होते. आयुष्यात एवढं सुख झालं नाही. सत्तावीस नंबरला सपाट भिंत आली. कुणाला कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, आमची खिडकी, आमची खिडकी! टाळ्या वाजल्या.

एकतिसावी जोडी चालू असताना पडद्यावरची दोन चित्रं एकमेकांपासून सुटली. डावं वर, उजवं खाली. लोक डोळे चोळत ओरडायला लागले. मी टेबलाच्या पायाला शिवी दिली आणि स्क्रू फिरवायला लागलो. डावं उजव्यावर आणत होतो. आवाज नंतर आला, किंवा आधी आला असेल, गाणं चालू होतं. मी स्क्रूच फिरवत होतो. रेघ जुळली, चित्र बसलं, वर बघितलं तर हॉल अर्धा रिकामा. चष्मे लावलेली माणसं पावसात धावत होती.

मागची ओळ राहिली नाही. आठ घरं. माझी खोली कुठे होती हे दगडांवरून सांगता येत नाही. वरच्या काचा सगळीकडे पसरल्या होत्या, कंदिलाच्या उजेडात चमकत होत्या. माणसं मोजली. पुन्हा मोजली. वसाहतीतलं एकही कमी नव्हतं. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. आजोबा, तुमच्या खेळानं वाचलो. मॅनेजरसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

रविवारी दुपारी दगड उपसताना मिस्त्री सापडला.

ता. २७, गुरुवार

आम्ही सगळे हॉलमध्येच राहतो. माझा पडदा अजून भिंतीवर आहे, त्याच्यासमोर लोक झोपतात.

मिस्त्रीबद्दल बोलणं चाललंय. रिकाम्या घरांमागे म्हातारा काय करत होता? कुलपं बघायला आला असणार. देवानंच शिक्षा दिली. फाटकावरचा म्हणतो, माझी पाठ वळायची वाट बघत बसला असेल. मॅनेजरसाहेबांच्या कागदावर लिहिलंय, वसाहत रिकामी असताना बाहेरचा एक इसम शिरला. बोटांना दोरी गुंडाळलेली होती आणि शेजारी पितळी लोलक. त्यालाही नाव दिलंय, कडी तोडायचं हत्यार. ओळंबा आहे तो! मी म्हटलं, तर म्हणाले, आजोबा तुम्ही आराम करा.

दुपारी जेवण झाल्यावर कुणीतरी खुर्ची दिली. मी मागे रेललो.

रेललो आणि कळलं. म्हातारा जेवण झाल्यावर रेलतो तशी. हातभर उंचीला दोन बोटं मागे. मागे रेललेल्या भिंतीला ओळंब्याची दोरी वरपासून खालपर्यंत लागून राहूच शकत नाही. वरच्या टोकाला यायला हवं अंतर, चांगलं हातापेक्षा जास्त. मी सांगितलं, सरळ आहे, दोरी दगडाला लागून आहे. त्याला वाटलं असेल, भिंत तेवढी पुढे आली, नाहीतर मला ओळंबाच लावता आला नाही; गाव उठवण्याआधी स्वतः बघावं. मी त्याला दिलासा म्हणून जे दिलं ते त्याला मरणाचं बोलावणं होतं. पोट आहे म्हटलं असतं तर त्यानं तिथेच बसून गाव गोळा केला असता. त्या गुडघ्यांनी, त्या पावसात, त्याला तिथवर जायला तास लागला असेल.

संध्याकाळी जावई शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मामा, त्या दोन जोड्या कुठे आहेत?"

म्हटलं, "तुम्हाला चौदा तारखेलाच कळलं होतं."

"मी साहेबांना सांगितलं. तोंडी. म्हणाले, समारंभ होऊ दे, मग इंजिनिअर बोलावू. पाहणीच्या वहीत दर सहा महिन्यांनी माझीच सही आहे, मामा. भिंत ठीक. मी कुणाला काय सांगणार होतो? खाटा पुढे ओढल्या. लोकांना हॉलमध्ये कोंबलं. एवढंच जमलं."

रडत होते. मला त्यांचा राग यावा असं वाटत होतं. आला नाही. त्यांनी तीनशे माणसं बाहेर काढली. मी एक माणूस आत पाठवला.

"जाळून टाका," म्हणाले.

ता. २९, शनिवार

मुलीशी बोललो. मिस्त्रीबद्दल, ओळंब्याबद्दल. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तो गेला. त्याच्या मागे रडायला कुणी नाही. चोर म्हणोत नाहीतर साव, त्याला आता काय फरक पडतो? यांची नोकरी गेली तर आम्ही कुठे जायचं? कारखान्यानं नव्या वसाहतीत दोन खोल्या दिल्यात, त्याही जातील. यांना तुरुंगात घालतील."

तिचे हात रिकामे होते. आज पहिल्यांदा माझं सगळं ऐकलंन, आणि मला तिला नाही म्हणायचं होतं. जोड्यांचा डबा कोटाच्या खिशात आहे. बसताना टोचतो.

पुढच्या महिन्याची ता. ४, गुरुवार

चौकशीचा अधिकारी कारखान्याच्या ऑफिसात बसतो. तरुण आहे, चष्मेवाला. टेबलावर चिठ्ठी बांधून ओळंबा ठेवलेला. मी डबी आणि दोन्ही जोड्या पुढे केल्या. कशा बघायच्या ते सांगितलं, घाई करू नका, चित्र बसायला दोन क्षण लागतात.

त्यानं पहिली बघितली. चटकन डोकं मागे घेतलं, बाटली अंगावर आल्यावर घेतात तसं. मग दुसरी बघितली. मग परत पहिली.

"या तारखा कुणी लिहिल्या?"

"मी."

"पाच आणि तेरा. आजोबा, हे साध्या डोळ्यांना दिसलंच नसतं."

"नाही. त्याला राक्षसाचे डोळे लागतात." मग दोन पावलांचं सांगितलं. दोरी आणि गाठींचं सांगितलं. मिस्त्रीनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही, शब्दाला शब्द. कडी तोडायला नव्हता आला, म्हटलं. स्वतःची भिंत बघायला आला होता, माझ्या सांगण्यावरून. हे लिहा. तो लिहीत होता.

"आणखी कुणी बघितल्या होत्या या?"

बाहेर मुलगी बाकावर बसली होती, मला न्यायला आली होती. खोटं बोलायला एकच शब्द लागतो, मला सवय आहे.

"माझ्या जावयानं," म्हटलं. "आणि त्यानं साहेबांना सांगितलं होतं. तेही लिहा."

"आणि तुम्हाला, आजोबा? तुम्हाला दिसलं होतं?"

"दोनदा," म्हटलं. "मी ते दुरुस्त केलं."

ओळंबा मागितला. पुरावा आहे, मिळणार नाही, म्हणाला.

येताना मुलगी दोन पावलं पुढे चालत होती. काही विचारलं नाही, म्हणजे दारातून ऐकलं असणार. नव्या वसाहतीतल्या घरी माझं ताट वाढून झाकून ठेवलं, आतल्या खोलीत नवऱ्याकडे गेली आणि दार लावून घेतलं. एका हातानं लागलं. इथली दारं नीट लागतात.